एका डोळ्याने की दोन डोळ्यांनी?

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी आपल्याकडे म्हण आहे. दुर्बिणीच्या इतिहासात मात्र ही म्हण उलटी घडली. तेथे कारागिराने एक डोळा देऊ केला आणि गिऱ्हाइकाने दोन मागितले!

ही गोष्ट १६०८ सालची. हॉलंडातील मिडेलबर्ग गावी हान्स लिपरशे नावाचा एक चष्मेवाला राहत असे. नळीच्या दोन तोंडांना दोन भिंगे बसवली की लांबची वस्तू जवळ दिसते, ही युक्ती त्याला साधली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो आपली नळी घेऊन हेग येथील राज्यसभेपुढे उभा राहिला. या युक्तीचा मक्ता आपल्याला मिळावा, एवढीच त्याची विनंती होती. राजवाड्याच्या मनोऱ्यावरून नळीची परीक्षा झाली आणि ती पसंतही पडली. पण सभासदांनी अट घातली की, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे यंत्र करून आण, आणि भिंगेही साध्या काचेची नकोत, स्फटिकाची हवीत. बिचाऱ्याने डिसेंबरात तसे यंत्र करून दिले. त्याचे पैसे मिळाले. मक्ता मात्र मिळाला नाही, कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक असल्याचे तोवर उघड झाले होते.

म्हणजे एका डोळ्याची दुर्बीण आणि दोन डोळ्यांची दुर्बीण या दोघी बहिणींच्या वयात अंतर उणेपुरे अडीच महिन्यांचे. त्यांचे भांडण मात्र चारशे वर्षे मिटलेले नाही. रानातले पशुपक्षी पाहण्याचा नाद ज्यांना लागला आहे, ते आजही दुकानात उभे राहून हाच प्रश्न विचारतात : तिपाईवर बसवायची मोठी दुर्बीण घ्यावी, ती एका डोळ्याची की दोन डोळ्यांची? वरवर पाहता हा प्रश्न भिंगांचा आणि खिशाचा आहे. मला मात्र त्यात एक मोठी ऐतिहासिक गोष्ट दडलेली दिसते, आणि तिची काही पाने आपल्या दख्खनच्या माळावर लिहिली गेली आहेत.

मराठीने या भांडणात पडण्याचे मुळातच टाळले आहे. 'दूरबीन' म्हणजे दूरचे पाहणारी. हा फारसी शब्द आपण घेतला, त्याची दुर्बीण केली, आणि नळी एक असो वा दोन, दोघींना एकच नाव देऊन मोकळे झालो. युरोपात मात्र पुढची दोनशे वर्षे धाकटी बहीण मागेच पडली. कारण साधे होते. दोन नळ्या अगदी एका रेषेत बसल्या नाहीत, तर दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दिसतात आणि पाहणाऱ्याचे डोके दुखू लागते. फ्रान्समधील शेरुबँ नावाच्या एका ख्रिस्ती साधूने १६७१ मध्ये दोन नळ्यांच्या दुर्बिणीची रचना ग्रंथात तपशीलवार मांडली. पण लांबलचक नळ्यांची जोडी सांभाळणे हे रोजच्या वापराचे काम नव्हते. म्हणून खलाशी, सेनापती आणि शिकारी या तिघांनीही एकाच डोळ्याची दुर्बीण जवळ केली. स्कॉटलंडच्या डोंगरात हरणांचा माग काढणारे वाटाडे उताणे पडून, गुडघ्याचा टेकू देऊन, तीन-चार घड्यांची पितळी नळी डोळ्याला लावीत. बंदुकीचा नेम धरताना माणूस एक डोळा मिटतो. दुर्बीण लावतानाही तो तेच करी. दोन्ही नळ्यांचा हेतू एकच होता.

दोन डोळ्यांच्या दुर्बिणीला आश्रय मिळाला तो नाटकगृहात. १८२० नंतरच्या काही वर्षांत व्हिएन्ना आणि पॅरिस येथे बोटभर लांबीच्या जोडनळ्या निघाल्या. दोन-तीन पटच मोठे दाखवणाऱ्या या खेळण्यातून उमराव आणि त्यांच्या बायका रंगभूमीवरील गायिकेचा चेहरा न्याहाळीत. त्यांना मारायचे काही नव्हते. जे समोर चालले आहे ते मन लावून पाहायचे होते. पुढे इटलीतील इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये लोलकांची अशी जोडणी शोधली की, प्रकाश नळीतल्या नळीत घडी घालून फिरतो, उलटे चित्र सुलटे होते आणि हातभर लांबीची दुर्बीण वीतभर होते. १८९४ मध्ये जर्मनीतील येना गावी एर्न्स्ट आबे आणि झाइस कारखान्याने याच तत्त्वावर जोडदुर्बिणी करून विकायला काढल्या. आज आपण गळ्यात अडकवतो ती दुर्बीण येथून सुरू होते.

आता जरा पुण्याकडे वळू. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८१७ च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढला होता. पुढे १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची पाहणी करून आकडेवारी जमवण्याच्या कामावर नेमले. गावे, पिके, माणसे मोजता मोजता हा गृहस्थ पक्षीही मोजू लागला. त्याने केलेली दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाने छापली. आपल्या ओढ्याकाठी मान आखडून बसणारी आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी शास्त्राच्या दप्तरात दाखल झाली, ती याच यादीतून. माळावरचा तुरेवाला लहान चंडोल आजही साइक्सचेच नाव लावतो.

पण साइक्सने हे पक्षी ओळखले कसे? बंदुकीने! त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. पक्षी पाडायचा, कातडे सोलून पेंढा भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि विलायतेस पाठवायचा. हातात असलेला पक्षी तेवढा पुरावा. झाडावरून उडून गेलेला पक्षी ही नुसती अफवा. ज्या ॲलन ह्यूमने राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तो या विद्येतला आपल्या देशातला सर्वांत मोठा संग्राहक होता. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात पुण्यास भरायचे होते; पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस हलवावे लागले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी ह्यूमने आपला पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला, हे सहसा कोणी शिकवीत नाही. त्यात कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८०,००० नमुने होते. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. पण आपले आजचे पक्षिज्ञान त्याच पायावर उभे आहे, हेही नाकारून चालत नाही.

बंदुकीच्या या राज्याला पहिला धक्का दिला तो सैनिकाने दिला नाही, एका तरुण मुलीने दिला. अमेरिकेतील फ्लॉरेन्स मेरियम हिने १८८९ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पक्षी ओळखण्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच नाटकगृहातली दुर्बीण होती! टोपीत खोचण्याच्या पिसांसाठी लाखो पक्षी मारले जात होते, तो हा काळ. बायकांच्या हाती सहज असलेली ती लहानगी जोडनळी रानात न्या आणि जिवंत पक्षी पाहा, असे तिने सुचवले. मग १९०१ मध्ये इंग्लंडात एडमंड सेलस या पूर्वीच्या शिकारी गृहस्थाने बंदूक ठेवून दुर्बीण घेण्याचा उघड पुरस्कार केला. त्या एका नाटकी खेळण्याने किती प्राण वाचवले असतील, त्याचा हिशेब कोण करणार?

आपल्याकडे हा पालट सावकाश झाला. सालिम अली यांच्या हातात बंदूकही होती आणि दुर्बीणही. संग्रहालयासाठी त्यांनी पक्षी मारले. पण त्यांचे नाव झाले ते जिवंत पक्ष्यांमुळे. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणीची वसाहत आडोशातून दिवसचे दिवस पाहिली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर संसार मांडते. आणि मादी अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरे घरटे विणून दुसरीची वाट पाहू लागतो. पेंढा भरलेल्या हजार सुगरणी जवळ असत्या तरी ही घरगुती बातमी कोणाला कळली नसती. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाला नावानिशी पक्षी ओळखता येऊ लागले. शिकारीचा शौक असलेले आपले व्यंकटेश माडगूळकर पुढे वही आणि पेन्सिल घेऊन नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिले, तेही याच वाटेवरचे प्रवासी.

तरीही एक शंका उरत होती. नुसत्या पाहण्याला पुरावा मानायचे का? या शंकेचा निकाल लागला तो महाराष्ट्रातच, आणि तो किस्सा एखाद्या रहस्यकथेसारखा आहे.

रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड ह्यूमने १८७३ मध्ये जगापुढे मांडले. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले, त्यांतला शेवटचा १८८४ चा. त्यानंतर हा पक्षी जणू पृथ्वीवरून पुसला गेला. रिचर्ड माइनरट्झहागेन या बड्या लष्करी अधिकाऱ्याने मात्र आपण १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचे सांगून एक पेंढा भरलेला नमुना दाखवला होता. त्या माहितीवर विसंबून लोक चुकीच्या रानात शोधत राहिले. अखेर अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन हिने तो नमुना तपासला, आणि तो संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच जुना पक्षी निघाला! चिठ्ठी बदलली होती, पेंढा पुन्हा भरला होता. हातातला पक्षीही खोटे बोलू शकतो, हे जगाला कळले.

मग रासमुसेन आपले सहकारी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढीत सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ आली. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी उघड्या फांदीवर एक पिंगळा बसलेला दिसला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याच्या डोक्यावर जवळजवळ नव्हते. पायांवर पांढरी पिसे होती, शेपटीवर रुंद पट्टे होते. दुर्बिणीतून एकेक खूण पडताळली गेली, छायाचित्रे घेतली गेली, आणि ११३ वर्षे हरवलेला पक्षी सापडला. गोळी सुटली नाही. पिंगळा आपल्या फांदीवर राहिला, आणि त्याच्या जातीचे आणखी पक्षी पुढे मेळघाटात आणि तानसाच्या जंगलातही आढळले.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. गळ्यातल्या जोडदुर्बिणीबद्दल वाद नाही. आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे असलेली दुर्बीण हाती असली की, रानातले बहुतेक काम होते. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात. इतक्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो आणि झुंजुमुंजूलाही नीट दिसते. पण भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि भिगवणपाशी पाण्याचा जो अफाट पसारा झाला, तेथे रोहित पक्ष्यांचा थवा अर्ध्या-पाऊण कोसावर उभा असतो. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर, जेथे माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तेथे तो लाजाळू पक्षी माणसाची चाहूल दुरूनच घेई. आज तर तो महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. अशा जागी वीस ते साठ पट मोठे दाखवणारी, तिपाईवरची दुर्बीण हवी. हिला सारे जण स्पॉटिंग स्कोप म्हणतात, आणि ती पूर्वापार एका डोळ्याचीच.

येथे मला द्रोणाचार्यांची परीक्षा आठवते. झाडावर कृत्रिम पक्षी ठेवून गुरूने विचारले, काय दिसते? युधिष्ठिर म्हणाला, झाड दिसते, आपण दिसता, भाऊ दिसतात आणि पक्षीही दिसतो. तो नापास झाला. अर्जुनाला पक्ष्याचे मस्तक तेवढे दिसले. तो पास झाला. नेम मारण्याची परीक्षा होती, तेव्हा निकाल योग्यच होता. पण पक्षी पाहण्याची परीक्षा असती तर? पक्षी कोणत्या झाडावर आहे, शेजारी कोण आहे, तो कोणाला भितो, हे सारे युधिष्ठिराच्या उत्तरात होते. गळ्यातली जोडदुर्बीण ही युधिष्ठिराची, तिपाईवरची एकनळी ही अर्जुनाची. युधिष्ठिराने शोधावे आणि अर्जुनाने खात्री करावी, असा हा कारभार आहे. पक्ष्याच्या पायात अडकवलेल्या रंगीत पट्टीवरची अक्षरे दुरून वाचून तो कोठून आला ते ठरवायचे, तर अर्जुनच हवा.

मात्र अर्जुनाचे डोळे दुखतात! एक डोळा मिटून तासभर पाहिले की, कपाळाच्या शिरा ताठतात. यावर उपाय म्हणून ऑस्ट्रियातील स्वारोव्हस्की कंपनीने २०१७ मध्ये एक निराळी दुर्बीण आणली. तिला पुढचे भिंग एकच, पण डोळ्याकडची भिंगे दोन, आणि कपाळ टेकायला एक गादी. आत लोलकांनी प्रकाशाच्या दोन वाटण्या होतात आणि दोन्ही डोळ्यांना तेच चित्र मिळते. जपानी कोवा कंपनीने याआधीच ८२ मिलिमीटरची दोन भिंगे असलेली खरीखुरी जोडनळी काढली होती. पण ती उचलून डोंगर चढणे हे पैलवानाचे काम.

या दोहोंत फरक आहे, आणि तो घेणाऱ्याने समजून घ्यावा. आपल्याला खोली कळते ती दोन डोळे दोन जागांहून पाहतात म्हणून. हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दाखवले. पुढचे भिंग एकच असेल, तर डोळ्याकडे कितीही भिंगे लावा, खरी खोली मिळत नाही. शिवाय उजेडाची वाटणी होते. ८५ मिलिमीटरचे भिंग आणि तीस पट वाढ असेल, तर २.८ मिलिमीटरचा झोत बाहेर पडतो. तो अर्धा अर्धा वाटला की संध्याकाळी चणचण भासते. पण भर उजेडात त्याचे काही वाटत नाही. दोन डोळ्यांची बातमी एकत्र करून मेंदू अंधुक रेषा एका डोळ्यापेक्षा सुमारे १.४ पट सहज टिपतो, असे केंब्रिजच्या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये मोजून दाखवले आहे. त्याहून मोठा लाभ म्हणजे विसावा. ज्याला पाणथळीवर बसून तीन तास बदके मोजायची आहेत, त्याला ही दुर्बीण वरदान आहे. किंमत मात्र लाखांच्या घरात जाते, आणि वाढीचे आकडे मागेपुढे करण्याची एकनळीसारखी मुभा तिच्यात नसते. तरी त्याचे फार दुःख नको. आपल्याकडे दहा वाजून गेले की तापलेल्या जमिनीवरची हवा अशी उकळू लागते की, साठ पटीत पक्षी न दिसता नुसती थरथर दिसते. तीस पटींत आपले पुष्कळ भागते.

मी शिक्षक असल्यामुळे मला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. ती बाजू म्हणजे रांग! शाळेची दुर्बीण एकाची नसते, चाळीस पोरांची असते. प्रत्येकाने अर्धा मिनिट पाहिले तरी वीस मिनिटे जातात. दोन डोळ्यांच्या यंत्रात दर पोराला आपल्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे भिंगे जवळ-लांब करावी लागतात. मोठ्या माणसाच्या बुबुळांत साधारण ६३ मिलिमीटरचे अंतर असते, लहान मुलाचे त्याहून बरेच कमी. अनेक जोडदुर्बिणी ५६ च्या आत मिटतच नाहीत. मुलाला दोन गोल दिसतात आणि ते बापडे भिडेपोटी "दिसला, दिसला" म्हणून पुढे सरकते. एका डोळ्याच्या नळीला ही अडचण नाही. चिमुकल्या हाताने दुसरा डोळा झाकायचा, तो मिटायचा नाही, एवढे शिकवले की पुरे. शिवाय तिच्या भिंगाला मोबाइल टेकवला की साऱ्या वर्गाला पक्षी दिसतो आणि पुरावाही राहतो. म्हणून शाळेने, मंडळाने, कुटुंबाने एकनळी घ्यावी. दिवसभर एकट्याने गणती करणाऱ्याने, परवडत असेल तर, दोन डोळ्यांची घ्यावी. आणि गळ्यातली जोडनळी आधी प्रत्येकाने घ्यावी, असे माझे मत आहे.

पण पाहायचे काय? आमची हिंजवडी मुळशी तालुक्यातली. म्हातोबाच्या बगाडाची जत्रा आणि शेतीवाडी हीच तिची जुनी ओळख. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून येथे संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि आता काचेच्या इमारतींनी क्षितिज भरले आहे. तरी दोन इमारतींमधल्या मोकळ्या प्लॉटवर टिटवी अजून खड्यांत खडा भासेल असे अंडे घालते. तारेवर वेडा राघू बसतो, विजेच्या खांबावर कापशी घार टेहळणी करते, मुळेच्या काठी ढोकरी मान आखडून उभी असते. साइक्सने दोनशे वर्षांपूर्वी ज्या दख्खनची यादी केली, तिचाच हा एक तुकडा आहे.

ती यादी बंदुकीने झाली होती. तीच आज एकही गोळी न झाडता पुन्हा करता येईल. कोणते पक्षी अजून आहेत, कोणते उठून गेले, कोणते नवे आले, हे आमच्या शाळेतली पोरे लिहू शकतील. तारीख, जागा, पक्ष्याचे नाव आणि संख्या, एवढे चार रकाने वहीत आखले की झाले. मोकळे प्लॉट दर वर्षी कमी होत आहेत. म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर टाकण्यासारखे नाही. दुर्बीण एका डोळ्याची असो वा दोन डोळ्यांची, टिटवीला त्याचे काहीच नाही. तिला तेवढे अंतर हवे असते, आणि ते अंतर राखूनही तिला ओळखण्याची सोय माणसाच्या हाती आली आहे.